सत्कार नको, पहारा धरा

गेल्या फाल्गुनांत बेंबळीस जाण्याचा योग आला. धाराशिव तालुक्यांतील हें गांव आमच्या जुन्या स्नेह्यांचें. त्यामुळें तेथील आमंत्रण मला टाळवत नाहीं. निमित्त महिलादिनाचें होतें. मंडप, खुर्च्या, ध्वनिवर्धक, हार-नारळ अशी सर्व सिद्धता यथास्थित होती, आणि वक्त्यांचीहि वाण नव्हती. पांच स्त्रियांचा सत्कार व्हावयाचा होता. चौथी स्त्री व्यासपीठावर आली तेव्हां सूत्रचालकानें आवाज चढवून ‘आधुनिक सावित्री’ असा तिचा परिचय करून दिला. सात वर्षांपूर्वीं तिच्या नवऱ्याची मोटारसायकल रात्रीच्या अंधारांत रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीस मागें दिवा नव्हता, नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. मेंदूस मार बसला. तेव्हांपासून ही माउली पतीची अहोरात्र सेवा करीत आहे, असें सूत्रचालकानें सांगितलें. टाळ्या पडल्या, साडीचोळी झाली, नारळ झाला, छायाचित्र झालें. बाई एकहि शब्द न बोलतां खालीं उतरली.

समारंभ आटोपल्यावर मी तिच्या घरीं गेलों. तिचे सासरे माझे शाळासोबती. ते आतां नाहींत. नवरा ओसरीवर बसला होता. धडधाकट शरीर, नुकतीच केलेली दाढी, अंगांत धुतलेला सदरा. नवख्या माणसास वाटावें, याला झालें आहे तरी काय? त्यानें मला नांव विचारलें. मीं सांगितलें. मग अर्ध्या तासांत त्यानें तेंच नांव अकरा वेळां विचारलें, आणि बाराव्या खेपेस मीं उत्तर देण्यास क्षणभर उशीर केला म्हणून समोरचा तांब्या बायकोच्या दिशेनें भिरकावला. तिनें तो चुकविला. आपण माशी हाकलतों तितक्या सराइतपणें चुकविला, आणि सांडलेलें पाणी पुसावयास लागली.

निघतांना मीं तिला सत्काराबद्दल चार बरे शब्द सांगितले. तिनें साडीची घडी माझ्यापुढें धरली. “काका, ह्या साडीचं काय करू? अशा चार पडल्यात पेटीत. दोन रात्री कुणी ह्यांच्यापाशी बसलं असतं, तर म्या झोपले असते.” मग थोडी थांबली, घरांत कोणी ऐकत नाहीं ना असें तिनें पाहून घेतलें, आणि म्हणाली, “खरं सांगू? कवा कवा वाटतं, तवाच गेले असते तर सुटले असते. ते बी, अन् म्या बी. मग मीच देवापुढं नाक घासते.”

हा लेख त्या दुसऱ्या बोलण्यासाठीं आहे. पहिलें ऐकून आपल्यापैकीं कोणीहि हळहळेल आणि घरीं जाऊन जेवेल. दुसरें मात्र ऐकतांच आपण कानांवर हात ठेवतों; पतिव्रतेच्या तोंडीं तें शोभत नाहीं असें आपणांस वाटतें. माझें म्हणणें असें आहे, कीं ते शब्द त्या बाईचे नाहींतच. ते तिच्याकडून आपण सर्वांनीं मिळून वदविले आहेत. सात वर्षें एका बाईच्या अंगावर चार माणसांचें काम टाकावें, तिला सलग झोप मिळूं देऊं नये, आणि वर तिच्या सोसण्याची आरती ओवाळावी, मग दुसरें काय व्हावयाचें? माझा मुख्य आक्षेप या आरतीवरच आहे. ती निरुपद्रवी नाहीं. ज्या बाईला आपण देव्हाऱ्यांत बसविलें, तिला हात द्यावयास जाण्याचें मग कारण उरत नाहीं.

मेंदूस मार बसलेल्या माणसाचें घर म्हणजे काय असतें, हें ज्यानें पाहिलें नाहीं त्याला तें अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या घरासारखेंच वाटतें. भेद मोठा आहे. पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्याची कूस बदलतां बदलतां सुनेची कंबर मोडते. पण तो म्हातारा तोच असतो, आणि जीभ चालत असली तर ‘बाई, दमलीस’ एवढें तरी म्हणतो. कपाळामागच्या मेंदूस इजा झाली म्हणजे हातपाय पुष्कळदां शाबूत राहतात, आणि जातो तो स्वभावाचा लगाम. राग आवरणें, पुढचें पाहणें, दुसऱ्याचें दुःख ओळखणें, लाज वाटणें, आपण होऊन कांहीं करावयास उठणें, हीं सर्व कामें मेंदूचा तो भाग सांभाळतो. स्मरणशक्ति गळते, झोपेचें गणित बिघडतें, संशय बळावतो. आणि यांतलें क्रूर म्हणजे, आपण बदललों आहों हें बहुधा त्या माणसास कळत नाहीं. तें न कळणें हाहि त्या इजेचाच भाग असतो. म्हणून तो पथ्य पाळीत नाहीं, औषध थुंकतो, गाडीची किल्ली मागतो, आणि दिली नाहीं तर बायकोस वैरीण समजतो. पाहुणा पाव घटका बसतो, रोगी त्याच्याशीं चार शब्द नीट बोलतो, आणि पाहुणा वाटेनें म्हणत जातो, ‘तसा चांगला आहे कीं, बायकोच उगाच करवादते.’ बाईच्या खात्यावर हा आणखी एक आळ जमा होतो.

अमेरिकेंतील एका मुकादमाची कथा वैद्यकाच्या पुस्तकांतून फार प्रसिद्ध आहे. फिनीअस गेज त्याचें नांव. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं व्हर्मांट प्रांतांत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठांसतांना स्फोट झाला आणि सुमारें ६ किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या गालांतून शिरून डोक्याच्या माथ्यांतून बाहेर पडली. गडी जगला. परंतु हा आमचा पूर्वींचा गेज नव्हे, असें त्याचे ओळखीचे लोक म्हणूं लागले. त्या पहारेची लांबी काय, ती कोणत्या कोनांतून शिरली, मेंदूचा कोणता भाग गेला, यावर आजवर किती शाई खर्च झाली असेल त्याची गणती नाहीं. पहार आणि कवटी हार्वर्डच्या संग्रहालयांत आहेत. पण तो शेवटीं आईच्या घरीं येऊन राहिला आणि १८६० मध्यें तेथेंच वारला, हें किती जणांस ठाऊक आहे? फिट्स येणाऱ्या त्या मुलाची अखेर जिनें पाहिली, त्या आईच्या दिवसरात्रींबद्दल ग्रंथांत जवळजवळ कांहीं नाहीं. त्याची कवटी मात्र शास्त्रास पुढें कुटुंबाच्या संमतीनेंच मिळाली. शास्त्रानें घेतली आणि आभार मानले. बेंबळीच्या मंडपांत मला त्याच पद्धतीचा सत्कार दिसला.

शास्त्रानेंहि अगदींच दुर्लक्ष केलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. म्यूरियल लेझॅक या अमेरिकन विदुषीनें १९७८ मध्यें अशा रोग्यांच्या कुटुंबांविषयीं लिहितांना बायकोची कोंडी नेमकी दाखविली: नवरा जिवंत असल्यामुळें तिला शोक करतां येत नाहीं, आणि ज्याच्याशीं लग्न झालें तो उरला नसल्यामुळें तिला संसारहि करतां येत नाहीं. ग्लासगोच्या नील ब्रुक्स प्रभृतींनीं डोक्यास जबर इजा झालेल्यांच्या नातेवाइकांस एका वर्षानें आणि पुन्हां पांच वर्षांनीं प्रश्न विचारले. तें काम १९८६ मध्यें प्रसिद्ध झालें. ‘माणूस बदलला’ असें पहिल्या वर्षीं शेंकडा ६० जण म्हणत होते, पांचव्या वर्षीं ७४ म्हणूं लागले. आणि नातेवाइकांवरचा भार कमी न होतां वाढलेला आढळला. काळ हेंच औषध, असें सांत्वन करणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. येथें काळ औषध नाहीं, काळ हाच भार आहे. मेलेल्या माणसाला दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. गांव येऊन बसतें, रडूं देतें, आणि चौदाव्या दिवशीं कामाला लावतें. जो गेलाहि नाहीं आणि राहिलाहि नाहीं त्याचा तेरावा कोणत्या तिथीला घालावा? या बायकांच्या दुःखास पंचांगांत जागाच नाहीं.

आणि यांना आपण सावित्री म्हणतों! पुराणांतील सावित्रीचा मी अनादर करीत नाहीं. तिनें तीन दिवसांचें व्रत केलें, यमाच्या मागें वाट चालली, वादांत त्याला जिंकलें, आणि सत्यवान परत मिळविला. परत मिळाला तो सत्यवान तोच होता. त्यानें डोळे उघडले आणि तिला ओळखलें. यमानें सत्यवानाचा देह परत दिला असता आणि स्वभाव ठेवून घेतला असता, तो जागा होऊन सावित्रीवरच काठी घेऊन धांवला असता, तर पुढची वीस वर्षें तिनें काय केलें असतें, याचें उत्तर वटपौर्णिमेच्या कथेंत नाहीं. म्हणजे ज्या बाईची आपण उपमा देतों तिच्यावर हा प्रसंगच आला नव्हता. उपमा चुकली आहे, आणि तिची किंमत दुसरीच कोणी मोजीत आहे.

आमच्या कथालेखकांनीं व चित्रपटवाल्यांनीं यांत आपल्या परीनें भर घातली आहे. त्यांच्या जगांत डोक्यावर एक फटका बसला कीं स्मृति जाते, आणि शेवटच्या प्रसंगीं दुसरा फटका बसला कीं ती परत येते. मधल्या काळांत नायिका गाणें म्हणते. अपघात त्यांना हवा असतो, मृत्यूहि हवा असतो. अपघातानंतरचा अठराशेवा दिवस त्यांना नको असतो, कारण त्या दिवशीं कांहीं घडत नाहीं. दूध उतूं जातें, औषध सांडतें, तोच प्रश्न पुन्हां विचारला जातो. या मासिकाच्या वाचकांत कथा लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं हें जातां जातां ऐकून ठेवावें.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें पाहूं. पहिला आक्षेप असा येतो, कीं हें भावनिक दमणें वगैरे पाश्चात्यांचें खूळ आहे. आमच्या बायकांना असले आजार ठाऊक नव्हते. हें खरें, कीं या अवस्थेसाठीं इंग्रजींत रूढ झालेला ‘बर्नआउट’ हा शब्द हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मनोवैद्यानें १९७४ मध्यें, न्यूयॉर्कच्या एका फुकट दवाखान्यांत राबणाऱ्या स्वयंसेवकांचे हाल पाहून, वैद्यकांत आणला. पण तेवढ्यावरून दुखणें परदेशी कसें ठरतें? आमच्या भाषेंत ‘जीव मेटाकुटीस येणें’ आहे, ‘उबग’ आहे, ‘जीव विटणें’ आहे, ‘खस्ता खाणें’ आहे. ज्या समाजास हें दुखणें ठाऊक नव्हतें त्यानें एवढे शब्द कोणासाठीं घडविले? आणि एक गोष्ट लक्षांत घ्या. त्या न्यूयॉर्कच्या दवाखान्यांतला स्वयंसेवक कितीहि रात्रीं आपल्या खोलीवर जाई, दार लावी, निजे. आमच्या बाईचा दवाखाना तिच्याच उशाशीं आहे.

दुसरा आक्षेप त्याहून लबाड आहे: ‘पूर्वींच्या बायकांनीं हें निमूटपणें केलेंच ना?’ नाहीं, केलें नाहीं. पूर्वीं डोक्यास एवढा मार बसलेला माणूस बहुधा त्याच रात्रीं जाई. आज रुग्णवाहिका येते, मेंदूची छायाचित्रें निघतात, कवटीचा तुकडा काढून सूज उतरवितात, श्वासाचें यंत्र लागतें, आणि माणूस वांचतो. ही विद्या धन्य आहे. पण ज्या विद्येनें माणूस वांचविला तिनें त्याला घरीं धाडतांना सोबत कोण दिलें? बरें, पूर्वींच्या घरांत जावा होत्या, आत्या होत्या, विधवा मावशी होती. आजच्या घरांत दोन दीर पुण्यास आहेत, आणि ते दर रविवारीं फोनवरून, त्याच्यावर ओरडूं नकोस, असा उपदेश करतात. उपदेशाच्या बाबतींत आमचीं एकत्र कुटुंबें अजून एकत्र आहेत!

याच ठिकाणीं कोणीतरी केईएम रुग्णालयाचा दाखला फेंकतो, आणि समोरचा गप्प होतो. दाखला मोठा आहे, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. मुंबईच्या त्या रुग्णालयांत परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील एका सफाई कामगारानें अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीनें गळा आवळल्यामुळें मेंदूचा प्राणवायु तुटला, आणि १८ मे २०१५ रोजीं न्युमोनियानें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयांत पडून होत्या. पिंकी विराणी यांनीं त्यांच्यासाठीं दयामरणाचा अर्ज केला होता. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो नाकारला. त्याच निकालानें, कडक अटी घालून, जीवनाधार काढून घेण्याची वाट इतरांसाठीं उघडली, आणि केईएमच्या सेवकवर्गाच्या निष्ठेपुढें मान लवविली. इतक्या वर्षांत अरुणाबाईंच्या अंगावर शय्याव्रण राहूं दिला नाहीं, हें त्या परिचारिकांचें यश असें आहे कीं त्यापुढें कोणाचीहि मान लवावी. माझीहि लवते.

पण या यशाचा अर्थ काय? दयामरणाचा वाद आपण क्षणभर बाजूस ठेवूं. त्यांत मला येथें पडावयाचें नाहीं. अर्थ इतकाच, कीं एका देहाची इतकीं वर्षें इतकी निर्मळ सेवा एका माणसानें केली नाहीं, एका संस्थेनें केली. तीन पाळ्या होत्या. पाळी संपल्यावर परिचारिका गणवेष उतरवून घरीं जात होती. महिना भरला कीं वेतन होतें, वर्षांत रजा होती, एक पिढी निवृत्त झाली तर दुसरी आली. त्यांचें प्रेम म्हणूनच टिकलें. हाताखालीं हात होता, म्हणून मन विटलें नाहीं. हा दाखला बेंबळीच्या बाईला लाजविण्यासाठीं वापरणारा मनुष्य तो उलटा वाचतो. त्याचा सरळ अर्थ, एकटीनें हें होत नाहीं, असा आहे.

सरकारच्या दारीं जावें तर तेथें निराळीच मौज आहे. रस्त्यावरील अपघातांत सांपडलेल्यांसाठीं केंद्र सरकारनें मे २०२५ पासून एक योजना लागू केली आहे: अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैसे न मागतां उपचार. योजना चांगली आहे. तिच्यामुळें जीव वांचतील. पण तिनें न बोलतां एक हिशेबहि मांडून ठेवला आहे. पहिले सात दिवस सरकारचे. आठव्या दिवसापासून पुढचीं तीस वर्षें बायकोचीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें एकवीस प्रकार मोजले. त्यांत डोक्याच्या दुखापतीचें स्वतंत्र नांव नाहीं. प्रमाणपत्र हवें तर हातापायांचें अपंगत्व, बौद्धिक दुर्बलता, मनोविकार अशा कोणत्या तरी शेजारच्या दारांतून शिरावें लागतें. आणि ज्याचे हातपाय चालतात, जो साहेबाच्या चार प्रश्नांचीं उत्तरें बरोबर देतो, त्याच्या बायकोस त्या दारांतून पुष्कळदां हात हलवीत परतावें लागतें. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमांत, ज्यांस फार आधार लागतो अशांच्या काळजीवाहकासाठीं भत्त्याचा उल्लेख आहे. सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत, अशी पुस्ती अर्थात् जोडलेली आहे. सरकारची कुवत काय ती सरकार जाणे. त्या बाईची कुवत मात्र कोणी विचारलेली नाहीं. मन खचलेल्यांसाठीं ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची दूरध्वनि सेवा आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक, तोहि मीं त्या बाईस लिहून दिला. ती म्हणाली, “लावीन की. पर म्या बोलंस्तवर ह्यांला कोण धरंल?”

‘मायेला मोल लावलें तर माया मरते’ असा एक कोमल आक्षेप यावर निघतो, आणि तो काढणारे बहुधा पगारदार असतात. इंग्लंडांतहि ही कोमलता होती. १९७६ मध्यें तेथें रोग्याची काळजी घेणाऱ्यांस भत्ता सुरूं झाला, पण लग्न झालेल्या बाईस तो वगळला. कारण ती तशीहि घरींच असावयाची! जॅकलिन ड्रेक नांवाच्या एका विवाहितेनें आईच्या दुखण्यासाठीं नोकरी सोडली होती. तिनें हा प्रश्न युरोपच्या न्यायालयांत नेला, आणि जून १९८६ मध्यें ती जिंकली. म्हणजे त्या श्रीमंत देशासहि हें उमजावयास दहा वर्षें आणि एक खटला लागला. आपल्याकडे केरळानें २०१० पासून ‘आश्वासकिरणम्’ नांवाची योजना काढून अंथरुणास खिळलेल्यांच्या काळजीवाहकांस महिना ६०० रुपये ठरविले. सहाशें रुपयांत काय येतें, असें विचाराल तर कांहीं येत नाहीं. पण तो पैसा रोग्याच्या नांवाचा नाहीं, त्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाच्या नांवाचा आहे. दारिद्र्यांतहि कोणीतरी त्या माणसास निराळें मोजलें, हें मला त्या रकमेहून मोठें वाटतें.

आतां माझें स्वतःचें सांगतों, कारण त्याशिवाय हा लेख म्हणजे आणखी एक व्यासपीठ होईल. त्या भेटीनंतर पंधरा दिवसांनीं मी बेंबळीस पुन्हां गेलों आणि एक रात्र त्या माणसापाशीं बसलों. बाईस मीं आंतल्या खोलींत निजावयास सांगितलें. चाळीस वर्षें मीं शाळेंत मुलें सांभाळलीं आहेत. माझ्या सहनशीलतेबद्दल माझें मत फार चांगलें होतें. दहापर्यंत सर्व ठीक चाललें. अकराला तो उठला आणि शेतावर जावयाचें म्हणाला. समजूत घातली, बसला. सव्वा अकराला पुन्हां उठला. बारा ते दोन या वेळांत तो किती वेळां उठला तें मीं मोजावयाचें सोडून दिलें. दोनदां त्यानें अंथरूण ओलें केलें. एकदां मला चोर समजून मनगट पिरगाळलें. अडीचच्या सुमारास मी त्याच्यावर ओरडलों. नुसता ओरडलों नाहीं. मराठी सातवीच्या वर्गांतहि कधीं उच्चारला नाहीं असा शब्द मीं त्याला उद्देशून उच्चारला, आणि हात उचलला. मारला नाहीं, पण उचलला होता. तो घाबरून कोपऱ्यांत गेला आणि लहान मुलासारखा रडूं लागला. आंतून बाई धांवत आली. तिनें मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. “जावा काका, तुमी पडा वाईच,” म्हणाली, आणि त्याला कुशींत घेऊन बसली.

साडेपांच तास! तिचीं सात वर्षें झालीं आहेत. जो हात मीं पहिल्याच रात्रीं उचलला, तो तिनें सात वर्षांत कधींच उचलला नसेल असें मी म्हणणार नाहीं, आणि उचलला असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार माझा त्या रात्रीं संपला. आपणांपैकीं ज्यांचा तो शिल्लक असेल त्यांनीं एक रात्र बसून पाहावें.

तिला काय द्यावें, हें मला बेंबळीच्याच देवळांत सांपडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पारावर चहा घेत असतां अखंड हरिनाम सप्ताहाच्या गोष्टी निघाल्या. हा मुलूख तेरच्या गोरोबाकाकांचा. गांवोगांव सप्ताह बसतात. सप्ताहांत वीणा सात दिवस आणि सात रात्री खालीं ठेवावयाची नसते. एकानें दोन तास ती गळ्यांत धरून उभें राहावें, मग दुसऱ्यानें पायां पडून ती आपल्या गळ्यांत घ्यावी. त्यास पहारा म्हणतात. दिवसाचे बारा पहारे, सप्ताहाचे चौऱ्यायशीं. मध्यरात्रीचा आणि पहांटेचा पहारा कठीण, म्हणून तेथें तरुण गडी नेमतात. कोणाच्या घरीं सुतक पडलें तर बदली माणूस आधींच ठरलेला असतो. आजवर वीणा खालीं टेकली नाहीं, असें ते अभिमानानें सांगत होते. एकट्या माणसानें सात दिवस वीणा धरावी असें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. आणि कोणी एकट्यानें धरली असती तर आपण त्याला साडी-धोतर देऊन टाळ्या पिटल्या नसत्या, धांवत जाऊन त्याच्या गळ्यांतली वीणा काढून घेतली असती.

शेतीचेंहि तेंच. ज्याच्याकडे एक बैल तो दुसऱ्या एक बैलवाल्याशीं सावड करी. मराठवाड्यांत यासच वारंगुळा म्हणतात. आज माझ्या रानांत, उद्यां तुझ्या. ट्रॅक्टर आल्यावर ती रीत मागें पडली, पण तिचें व्याकरण लोक विसरलेले नाहींत. म्हणून मी बेंबळीकरांपुढें, आणि ज्यांच्या ज्यांच्या गांवांत असें एक घर आहे त्या सर्वांपुढें, अगदीं थोडकी मागणी ठेवतों. सरकारकडे भांडावयाचें तें भांडूंच. चोविसाव्या कलमाचा भत्ता मागूंच. तोंवर आठवड्यांतून दोन रात्री. रात्रीं दहा ते सकाळीं सहा, म्हणजे चार पहारे. दोन रात्रींचे आठ. एकानें एकच पहारा घ्यावयाचा, सप्ताहांत घेतो तसा. दोघे दोघे मिळून बसावे हें बरें, कारण एकट्याचा हात उचलला जातो. मी हें ऐकीव सांगत नाहीं. त्या दोन रात्रीं बाईनें शेजारच्या घरीं निजावें, आणि कोणी तिला उठवूं नये. पुण्याच्या दोघां दिरांनीं रविवारचा फोन बंद करून महिन्यांतील एक शनिवार गाडी धरावी.

पुढच्या महिलादिनास मंडप घालणाऱ्यांना माझी विनंती आहे, कीं त्या बाईला व्यासपीठावर बोलावूं नका. ती त्या वेळीं झोपलेली असेल तर फार उत्तम. देवळाच्या भिंतीवर सप्ताहाच्या वेळीं पहारेकऱ्यांचीं नांवें लिहावयाचा जो काळा फळा आहे, त्यावर खालच्या बाजूस आणखी आठ नांवांपुरती जागा आहे. मीं ती पाहून आलों आहें. पहिलें नांव माझें घाला. शनिवार, रात्रीं बारा ते दोन. आणि माझ्याबरोबर कोणी तरी दणकट गडी द्या.